मधाचें तेज

मध म्हटला कीं मराठी घरांत दोन गोष्टी डोळ्यांपुढें उभ्या राहतात: देवापुढची पंचामृताची वाटी आणि औषधांच्या फळीवर ठेवलेली बाटली. लग्नघरीं तिसरीही एक आठवेल. वर मांडवांत आला म्हणजे त्याला मधुपर्क द्यावयाचा असतो, आणि त्या मधुपर्कांत दह्यातुपाच्या जोडीला मध असतो. मधापासून उत्तम मद्य होतें, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला आठवत नाहीं.

भाषेनें ती आठवण जपली आहे. संस्कृतांत 'मधु' म्हणजे मध, आणि 'मधु' म्हणजे गोड मादक पेयही. ग्रीक भाषेंत याच कुळांतला 'मेथ्यू' हा शब्द मद्याला लागला. रशियनांतील 'म्योद' मधालाही चालतो आणि मधाच्या पेयालाही. लिथुआनियन लोक मधाला 'मेदुस' म्हणतात व त्याच्या मद्याला 'मिदुस'. इंग्रजींतील 'मीड' हा या सर्वांचा चुलतभाऊ. मनुस्मृतींत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगून तिन्ही द्विजश्रेष्ठांना वर्ज्य ठरविले आहेत. यांतील माध्वी मधाची कीं मोहाच्या फुलांची, यावर टीकाकारांचें एकमत नाहीं. तो वाद पंडितांकडे सोंपविलेला बरा. आयुर्वेदांत मध्वासव आहेच. आणि चीनमधील ज्याहू या गांवीं उत्खननांत सांपडलेल्या मडक्यांच्या खापरांत तांदूळ, फळें व मध यांपासून केलेल्या आंबवलेल्या पेयाचे अंश मिळाले, असें २००४ सालीं संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. तीं मडकीं सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वींचीं. म्हणजे माणूस द्राक्षें पिकवूं लागण्याच्या आधींपासून मध आंबवीत होता, असें मानण्यास हरकत नाहीं.

मध आंबतो कसा, हें समजावून घेण्यासारखें आहे. कारण बाटलींतला मध वर्षानुवर्षें तसाच राहतो, हा प्रत्येक गृहिणीचा अनुभव. याचें कारण मधांतील पाण्याच्या तुटवड्यांत आहे. चांगल्या पक्व मधांत साखर शेंकडा ८० च्या आसपास असते आणि पाणी जेमतेम १८. किण्वाचे, म्हणजे यीस्टचे, सूक्ष्म जीव मधांत असतात. परंतु इतक्या घट्ट साखरेंत त्यांच्या पेशींतलेंच पाणी बाहेर ओढलें जातें आणि त्यांना हालचाल करतां येत नाहीं. मधांत दुप्पटतिप्पट पाणी घालण्याचा अवकाश, कीं हे निजलेले जीव जागे होतात, साखर खाऊं लागतात आणि तिचें मद्यार्क व कर्बवायु यांत रूपांतर करतात. हें काम जिवंत किण्वाचें आहे, हें एकोणिसाव्या शतकांत लुई पाश्चरनें दाखवून दिलें. त्याच्या आधींच्या हजारों वर्षांत लोकांना कारण ठाऊक नव्हतें, कृति मात्र पाठ होती.

अशी कृति आजही घरोघरीं जिवंत असलेला देश म्हणजे इथिओपिया. मराठी इतिहासाला हा मुलूख परका नाहीं. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर मूळचा तिकडला, आणि जंजिऱ्याच्या सिद्दींच्या राज्याला तर 'हबसाण' असेंच नांव पडलें होतें. त्या मूळच्या हबसाणांत, आफ्रिकेच्या ईशान्येकडील उंच पठारावर, मधाच्या मद्याला 'तेज' म्हणतात. आपल्या तेजाशीं या शब्दाचें कांहीं नातें नाहीं. नुसता कानांचा योगायोग. पण पेला उजेडांत धरला म्हणजे आंतल्या पिवळ्याधमक रंगाला तें नांव शोभून दिसतें, एवढें खरें.

तेज हें एके काळीं राजाचें पेय. सामान्य प्रजेनें धान्याची 'तेल्ला' नांवाची बियर प्यावी आणि तेज दरबारांत व सरदारांच्या वाड्यांत गाळलें जावें, असा जुना रिवाज होता. मध हा खंडणीचा व कराचा एक मोठा भाग होता, हेंही त्याचें एक कारण. १८९६ सालीं अडोव्याच्या लढाईंत इटलीच्या फौजेचा पराभव करणारा सम्राट दुसरा मेनेलिक आपल्या शिपायांना व सरदारांना प्रचंड मेजवान्या देई, आणि त्या मेजवान्यांत मांस व तेज यांना सीमा नसे. राजांचे दिवस गेले. १९७४ सालीं शेवटचा सम्राट हैले सेलासी पदच्युत झाला. तेज मात्र त्याआधींच दरबारांतून उतरून सामान्य घरांत आलें होतें. आतां लग्न असो, बारसें असो, कीं जानेवारींतला तिमकतचा सण असो, यजमानाच्या घरीं स्वतःचें गाळलेलें तेज असणें हा प्रतिष्ठेचा भाग समजतात. तिमकतनंतर मोठा उपवास सुरू होईपर्यंतचा काळ हा तिकडील लग्नसराईचा. ज्या घरांत कार्य आहे, तेथील बाईला मधाची चिंता कित्येक आठवडे आधींपासून लागलेली असते.

मधाचा मोठा हंगाम पावसाळा संपल्यावर येतो. सप्टेंबरांत पठारावर पिवळ्या रानफुलांचे गालिचे पसरतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पोळीं भरतात. मधमाश्या पाळण्याची जुनी रीत साधी आहे: पोकळ ओंडका किंवा बांबूच्या कामट्यांचें नळकांडें शेणमातीनें लिंपून झाडावर टांगावयाचें. आफ्रिकेंत सर्वांत अधिक मध इथिओपियांतच निघतो, आणि त्यांतील फार मोठा वांटा तेजाच्या मडक्यांत जातो. हा मध आपल्या दुकानांतल्यासारखा गाळीव नसतो. त्यांत मेणाचे तुकडे असतात, परागकण असतात, एखाददुसरी मेलेली माशीही असते. नीटनेटक्या माणसाला हें ऐकून शिसारी येईल; परंतु तेजाच्या दृष्टीनें हा कचरा निरुपयोगी नव्हे. किण्वाला वाढीसाठीं साखरेखेरीज नत्रयुक्त द्रव्यें लागतात आणि निव्वळ मधांत तीं फारच थोडीं असतात. परागकण ती उणीव कांहीं अंशीं भरून काढतात. गाळीव मधाचें मद्य रेंगाळत आंबतें, याचें कारण हेंच.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम भांडें. मातीचा मोठा, अरुंद तोंडाचा घडा धुऊन वाळवितात आणि त्याला धुरी देतात. धुरीसाठीं 'वैरा' म्हणजे रानटी ऑलिव्हचें लांकूड किंवा गेशोच्या काटक्या पेटवून त्यांवर घडा पालथा धरतात. या धुरानें घड्यांतले नको ते जंतु बरेचसे मरतात आणि तेजाला किंचित् धुरकट स्वादही येतो. ताकाच्या भांड्याला हिंगाची किंवा तुपाची धुरी देणाऱ्या मराठी सुगरणीला यांत कांहीं नवल वाटूं नये.

घडा तयार झाला कीं त्यांत एक माप मध व तीन मापें पाणी घालून ढवळतात. हें प्रमाण ठाम नव्हे. हात सढळ असेल तर दोनच मापें पाणी, आणि पाहुणे पुष्कळ व मध थोडा असेल तर चार किंवा पांचही. तोंडाला स्वच्छ फडकें बांधून घडा दोन-तीन दिवस तसाच ठेवतात. या मुदतींत मेण व कचरा वर तरंगून येतो. तो काढून टाकतात. मग त्यांतलें थोडें मधपाणी वेगळ्या भांड्यांत घेऊन त्यांत धुतलेल्या व साल काढलेल्या गेशोच्या काटक्या उकळतात, निवूं देतात आणि सर्व पुन्हां घड्यांत ओततात. मुख्य मध उकळीत नाहींत, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मध तापवूं नये, असें आपलें वैद्यकही सांगतें. तिकडील बायका तें शास्त्रासाठीं नव्हे, तर मधाचा वास उडूं नये म्हणून पाळतात.

गेशो हें एक झुडूप आहे आणि पठारावर तें पुष्कळांच्या परसांत असतें. त्याचीं पानें व काटक्या कडू असतात. युरोपांत बियरमध्यें हॉप या वेलीच्या फुलांचें जें काम, तेंच येथें गेशोचें. त्याच्या कडवटपणानें मधाची गोडी तोंडाला बसत नाहीं, कांहीं अपायकारक जंतूंना आळा बसतो, आणि काटक्यांबरोबर रानटी किण्वही घड्यांत उतरतें. आपल्या आसवारिष्टांत वैद्य धायटीचीं फुलें घालतात, तीं याच जातीच्या कामासाठीं. नाशिक-ठाण्याच्या डोंगरांत उन्हाळ्याच्या तोंडाशीं तांबड्या फुलांनीं लदलेली धायटी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना गेशोची कल्पना चटकन् येईल. दोन खंडांतल्या लोकांनीं एकमेकांना न विचारतां एकाच अडचणीवर एकाच तऱ्हेचा तोडगा काढला आहे.

गेशो घातल्यावर पुढचा काळ हवेवर अवलंबून. सखल व उष्ण मुलखांत पांच दिवसांत तेज तयार होतें. अदीस अबाबा हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २,३०० मीटर उंचीवर आहे. तेथील थंडींत पंधरा-वीस दिवसही लागतात. या मुदतींत घडा रोज उघडून लांकडी दांडक्यानें ढवळावा लागतो. आंत सारखा बारीक खदखदाट चाललेला असतो. अनुभवी बाई घड्याला कान लावते. आवाज मंदावला, वास बदलला, जिभेवर गोडीच्या मागोमाग कडसर-आंबट झांक आली, म्हणजे काटक्या काढून जाड फडक्यांतून तेज गाळून घेते. एक दिवस लवकर गाळलें तर तें नुसतें शरबत, आणि चार दिवस उशीर झाला तर व्हिनेगर. घड्याळ, तापमापक, काट्याचें वजन यांपैकीं कशाचीही मदत न घेतां हा नेमका दिवस ओळखणें हीच खरी कला. ती आईकडून मुलीकडे जाते. कागदावर उतरवून ती पुरती हातीं येत नाहीं.

या कलेची जुनी युरोपीय परीक्षा मोठी मौजेची आहे. सर केनेल्म डिग्बी या इंग्रज सरदाराच्या मृत्यूनंतर १६६९ सालीं त्याचें पाकशास्त्राचें पुस्तक छापलें गेलें. त्यांत मधाच्या मद्याच्या शंभरांवर कृति आहेत. त्यांतील कित्येक ठिकाणीं मधपाणी किती दाट हवें हें ठरविण्यासाठीं ताजें अंडें सोडावयास सांगितलें आहे: अंडें तरंगून त्याचा लहानशा नाण्याएवढा भाग वर दिसला, कीं प्रमाण जुळलें. आपल्याकडे पाकाची एकतारी-दोनतारी परीक्षा असते, तसाच हा प्रकार. पोलंडांत हें प्रमाण मद्याच्या नांवांतच गोंविलें आहे. एका मापाला अर्धें माप पाणी तो 'पूत्तोराक', एकास एक तो 'द्वुयन्याक', एकास दोन तो 'त्रुयन्याक', आणि एकास तीन तो 'च्वुर्न्याक'. मध जितका अधिक तितकें मद्य उशिरा पिकतें. शेवटचें नऊ महिन्यांत तयार होतें, तर पहिल्याला किमान तीन वर्षें मुरावें लागतें. फिनलंडच्या लोकांनीं वेगळीच वाट धरली. एक मेच्या सणाला ते 'सिमा' करतात. पूर्वीं तो मधाचा असे, आतां घरोघरीं साखर, लिंबू व चिमूटभर किण्व यांवर भागवितात. बाटलींत चार मनुका टाकतात; त्या फुगून वर आल्या कीं सिमा पिण्याजोगा झाला. तो जवळजवळ मद्यहीन असतो आणि मुलेंही पितात. सोबतीला ते पिठाच्या धारेचीं वेडींवांकडीं कडीं तेलांत तळून खातात. तीं पाहून मराठी माणसाला जिलबीचीच आठवण होईल.

फिनलंडांत मधाची जागा साखरेनें घेतली, त्याबद्दल तेथें कोणी फारसें हळहळत नाहीं. इथिओपियांत तेंच आज घडत आहे. पण तेथें तें उघडपणें घडत नाहीं, हा फरक आहे. शहरांतून 'तेज बेत' म्हणजे तेजाचे गुत्ते असतात. मध महाग, साखर स्वस्त. तेव्हां पुष्कळ गुत्त्यांत मधाचा मोठा भाग काढून त्याजागीं साखर घालतात आणि रंग फिका पडूं नये म्हणून पिवळा रंगही मिसळतात. गिऱ्हाइकाला तेज म्हणून जें मिळतें, त्यांत मध किती हें गुत्तेवालाच जाणे. याचा फटका केवळ पिणाराला बसत नाहीं. खेड्यांतला मधपाळ, परसांत गेशो वाढविणारी बाई, घरीं तेज गाळून चार पैसे मिळविणारी विधवा, या सर्वांची मिळकत एका घड्यावर अवलंबून आहे. साखरेच्या तेजाशीं भावांत टक्कर देणें त्यांना शक्य नाहीं. आणि घरांत तरी काय चाललें आहे? नोकरीवर जाणाऱ्या मुलीला वीस दिवस रोज घडा ढवळण्यास सवड नसते. लग्नासाठीं तेज विकत आणणें सोपें पडतें. नेमका दिवस कानानें ओळखण्याची विद्या अशा रीतीनें एका पिढींत विसरली जाऊं शकते. ती पुन्हां शिकण्यास मात्र एक पिढी पुरत नाहीं.

तेज पिण्याचें पात्रही वेगळें. त्याला 'बेरेले' म्हणतात: खालीं गोल पोट, वर उंच निमुळता गळा, रसायनशाळेंतल्या चंबूसारखा कांचेचा घाट. गळा दोन बोटांत धरून पितात. जुन्या काळीं वाढणारा सेवक आधीं आपल्या तळहातावर थोडेंसें तेज ओतून पाहुण्यांसमक्ष पिऊन दाखवी. विष घातलेलें नाहीं, याची ती ग्वाही असे. तेजाचा जोर मात्र त्याच्या चवीवरून ओळखूं येत नाहीं. साधारण शेंकडा सहापासून तेरापर्यंत मद्यार्क त्यांत आढळतो, म्हणजे कधीं बियरहून थोडा अधिक तर कधीं द्राक्षाच्या मद्याइतका. वरून गोडी, आंतून जोर. नवखा मनुष्य शरबत म्हणून तीन बेरेले रिकामे करतो आणि उठतांना त्याला गुडघ्यांचा पत्ता लागत नाहीं. मद्याचे सर्व दोष तेजांत आहेतच. मधानें ते धुऊन निघत नाहींत.

मराठी श्रोत्यांपैकीं कोणाला हें सर्व ऐकून घरीं प्रयोग करण्याची इच्छा झाली, तर कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १९४९ सालचा मुंबईचा दारूबंदीचा कायदा, वेळोवेळीं सुधारून, महाराष्ट्रांत आजही लागू आहे. परवान्यावांचून मद्य करणें हा त्याखालीं गुन्हा आहे, मग तें द्राक्षाचें असो वा मधाचें, विकावयाचें असो वा घरच्यापुरतें. अलीकडच्या वर्षांत पुणें व नाशिक येथें परवाना काढून मधाचें मद्य करणारे उद्योग निघाले आहेत; तो मार्ग व्यवसायाचा झाला. परदेशीं राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही बंदी लागू नाहीं. त्यांनीं तेथील कायदा पाहावा. तेथें करावयाचें झाल्यास एका गोष्टीला जपावें. खदखदणें पुरतें थांबण्यापूर्वीं बाटलीला घट्ट बूच मारूं नये. आंत कर्बवायु सांचत जातो आणि बाटली फुटून कांचा घरभर उडतात. इथिओपियन बाई घड्याला नुसतें फडकें बांधते, त्यांत हेंही शहाणपण आहे.

येथल्या घरांत मात्र तेजाच्या पंक्तींतलेंच एक पेय बेधडक करतां येईल. आंबण्यापूर्वींच्या मधपाण्याला तिकडे 'बिर्झ' म्हणतात. मद्य न पिणाऱ्या पाहुण्यांना, मुसलमान शेजाऱ्यांना व मुलांना त्याच बेरेल्यांत बिर्झ देतात. म्हणजे पंक्तींत कोणी उणा दिसत नाहीं. त्यासाठीं महाबळेश्वराकडचा जांभळाचा मध मिळाला तर उत्तमच. त्याची किंचित् कडवट चव गेशोची उणीव भासूं देत नाहीं. महाबळेश्वराजवळचें मांघर हें २०२२ सालीं देशांतलें पहिलें 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें, आणि त्या बाजूच्या सातेरी माश्यांच्या मधाची कीर्ति जुनी आहे. एक वाटी मधाला पांच वाट्या पाणी घ्यावें. पाणी आधीं उकळून पुरतें निवूं द्यावें. गरम पाण्यांत मध घालूं नये. एक वर्षाच्या आंतील मुलाला मध कोणत्याही रूपांत देऊं नये, कारण त्यांतील एका जंतूचे बीजकण तान्ह्या आंतड्यांत विष उत्पन्न करूं शकतात. ढवळून झाल्यावर फडक्यांतून गाळून माठाशेजारीं गार करावें आणि त्याच दिवशीं संपवावें. दुसऱ्या दिवशीं कडेनें बारीक बुडबुडे दिसूं लागले, तर आंतले जीव जागे झाले असें समजून उरलेलें ओतून द्यावें.